विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि संगणकाची साधी साधने
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यान)

विद्यादानासाठी समाजाने हात सैल सोडला, की पहिली मागणी संगणक कक्षाची होते. कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. परंतु त्या कक्षात विद्यार्थी नेमके काय करतो, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. दुसऱ्याने तयार केलेले पाहत बसणे आणि स्वतः काही घडवणे यांत मोठे अंतर आहे. पाटीवरची अक्षरे नुसती पाहणारे मूल आणि ती गिरवणारे मूल यांच्यात असते तेवढेच.

हा विचार जुना आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. ‘इतके पुढे जा, इतके वळ’ अशा आज्ञा कासवाला देत मूल चौकोन काढी आणि काढता काढता कोनाचे गणित शिके. त्याच परंपरेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने २००७ साली ‘स्क्रॅच’ हे विनामूल्य साधन जगापुढे ठेवले. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून गोष्ट, खेळ वा चलच्चित्र रचता येते. महाराष्ट्राला तर करून शिकण्याचे तत्त्व परके नाही. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रमाला शिक्षणात मानाचे स्थान दिले.

तथापि, केवळ यंत्र दिल्याने विद्या येत नाही. पेरू देशातील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती लॅपटॉप मोठ्या संख्येने पोहोचले होते आणि सामान्य आकलनशक्तीत काहीशी वाढही दिसली, परंतु भाषा व गणित यांच्या चाचण्यांत लक्षणीय प्रगती आढळली नाही. दात्यांनी हा धडा ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

मग प्रकल्प कसा असावा? गावातील विहिरीचेच उदाहरण घ्यावे. विद्यार्थ्यांनी दर आठवड्यास दोरीने पाण्याची खोली मोजावी, आकडे तक्त्यात भरावेत आणि त्यांचा आलेख काढावा. दुष्काळ पाहिलेल्या आजोबांची आठवण त्यांच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी व ‘ऑडॅसिटी’सारख्या विनामूल्य साधनाने ती नीटनेटकी करावी. ‘स्क्रॅच’मध्ये पाऊस पाडून विहीर भरून दाखवावी. पहिल्या प्रयत्नात पाणी काठाबाहेरही वाढतच राहील, कारण ‘काठापर्यंत आले की थांब’ ही अट घालायची राहून गेलेली असेल. ही चूक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते आणि ते स्वतःच ती दुरुस्त करते. शिक्षण घडते ते याच क्षणी. येथे शिक्षकाने उत्तर सांगण्याची घाई करू नये. ‘पाणी का थांबत नाही?’ एवढेच विचारावे.

यासाठी प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र संगणक लागत नाही. तिघा-चौघांच्या गटास एक पुरतो, मात्र कळफलक आळीपाळीने प्रत्येकाच्या हाती आला पाहिजे. अन्यथा एक मूल करते आणि बाकीची बघतात. मजकूर मराठीत, युनिकोडमध्ये लिहावा. साधनेही चिरंजीव नसतात, हे विसरू नये. अनेक शाळांत वापरले गेलेले ‘विंडोज मूव्ही मेकर’ २०१७ साली बंद झाले, तर ‘फ्लॅश’चा आधार २०२० अखेर संपला. म्हणून काम सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात जतन करावे आणि एका साधनाच्या कळा पाठ करवून घेण्यापेक्षा प्रश्न विचारणे, मोजणे, रचणे व सुधारणे ही रीत मुलांच्या अंगी बाणवावी.

सारांश, संस्थेने दहा यंत्रांऐवजी सहा घ्यावीत आणि उरलेला निधी शिक्षकांच्या प्रशिक्षणास व दुरुस्तीस राखावा. वर्षअखेरीस विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन भरवावे आणि त्यात फसलेले प्रयत्नही मांडावेत. दात्याच्या नावाची पाटी भिंतीवर राहील. परंतु ज्या मुलाने आपल्या गावच्या विहिरीचे पाणी मोजून, समजून, चारचौघांना समजावून सांगितले, त्याच्या ठायी ते दान खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.