घड्याळाची वेळ आणि भरतीची वेळ
(शिक्षक संमेलनात केलेले भाषण)



वेळ सर्वांस सारखीच मिळते, असे आपण मुलांस नेहमी सांगतो. ती सर्वांस सारखीच भासते काय, याचा विचार मात्र क्वचितच करतो. यासंबंधी माझ्या हातून घडलेली एक चूक आज आपणांपुढे ठेवीत आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी, प्रशिक्षण संपवून मी मुंबईत वरळी कोळीवाड्यानजीकच्या एका प्राथमिक शाळेत काही काळ शिकवीत होतो. शाळा सकाळी साडेसातला भरे. चौथीतील एक कोळ्याचा मुलगा बहुतेक दिवस सर्वांच्या आधी हजर असे. मग एकाएकी दोन-तीन दिवस तासभर उशिरा येई. कारण विचारले की, "गुरुजी, आज पाणी उशिरा चढलं," एवढेच सांगे. मला ते उत्तर उद्धटपणाचे वाटले. मी त्यास वर्गाबाहेर उभे केले आणि प्रगतिपत्रकावर 'आळशी' असा शेरा लिहिला. चौथीनंतर तो शाळेत आला नाही.

पुढे तेथील एका वृद्ध नाखव्याने मला भरतीचे गणित सांगितले. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे मुंबईच्या भरतीची सुमाराची वेळ निघते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, दशमीस साडेसात. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. उथळ किनाऱ्यास होडी लागते ती भरतीच्या पाण्यावर. मी हजेरीपट व पंचांग शेजारी ठेवून पाहिले. मुलाचे उशिराचे दिवस दोन्ही पक्षांत दशमी-एकादशीच्या आसपासचे निघाले. बापाची होडी लागावी, आईची टोपली भरून द्यावी, मगच त्याने शाळेस निघावे, असा तो क्रम होता. आळस त्याचा नव्हता. चौकशी न करण्याचा आळस माझा होता.

आपण जी वेळ स्वयंसिद्ध मानतो, तीही माणसांनीच ठरविलेली आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबईची वेळ' त्या शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. कोळीवाड्यापासून जवळच गिरणगाव. तेथे गिरणीचा भोंगा हीच वेळ. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि भोंग्यावर झोप व जेवण बांधलेल्या घरांची घडीच विस्कटली.

घड्याळ टाकून द्यावे, असे माझे म्हणणे नाही. आगगाडी, दवाखाना, परीक्षा घड्याळावरच चालतात. कोळ्याच्या मुलासही ते आलेच पाहिजे. परंतु मुलाच्या घरची वेळ ओळखल्यावाचून त्यास शाळेची वेळ शिकविता येत नाही. म्हणून दोन गोष्टी सुचवितो. आपल्या गावाचे वार्षिक कालपत्रक मुलांकडूनच तयार करून घ्यावे: भातलावणी, ऊसतोड, बाजाराचा दिवस, जत्रा, शेतास पाणी देण्याची पाळी. आणि हजेरीपटावर सतत उशीर दिसला, तर शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्या घरी जाऊन यावे.

किनाऱ्यावरील शिक्षकांनी पाऊणकी शिकविताना भरतीचे उदाहरण अवश्य घ्यावे. त्या तासाला कोळ्याची मुले वर्गात सर्वांच्या पुढे असतील. मला ती संधी मिळाली होती; मी ती दवडली. आपण दवडू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.