उद्याच्या शिवाराचा नकाशा



वीस वर्षांनंतर आपले शिवार कसे असेल, हे आज सांगता येईल काय? काही अंशी येईल, असे आम्हांस वाटते. मात्र ते ज्योतिष नव्हे, हिशेब आहे.

बिदरचे पठार जांभ्या दगडाचे. पाऊस त्यात मुरतो व खालच्या काळ्या पाषाणाशी अडतो. बहामनी काळी, 15व्या शतकात, नौबादचा कारेझ हा भुयारी कालवा त्याच पाण्यावर खोदला गेला. मुरणीच्या जागेवर घरे उठली, तर खालचे भुयार शाबूत राहूनही कोरडे पडेल.

पिकेही बदलतात. बिदरकडे मूग-उडदाच्या रानांत सोयाबीन आले. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन लाभले, पण मानांकन रान राखीत नाही. ते शेतकऱ्याने राखावयाचे.

उपग्रहाच्या विनामूल्य चित्रांत एकेक ठिपका दहा मीटरांचा असतो. बांध आणि विहीर त्यात हरवतात. म्हणून गावनकाशा, जुनी पहाणी व वडीलधाऱ्यांची आठवण एकत्र मांडावी. प्रथम वीस वर्षांपूर्वीच्या नोंदींवरून आजचे शिवार वर्तवून पाहावे. कोठे चुकले ते कळेल. मग पुढचे दोन नकाशे काढावे: एक आजच्याच चालीचा, दुसरा मुरणीची जमीन मोकळी राखल्याचा.

त्या दोहोंतील अंतर म्हणजेच आपल्या हातातली गोष्ट. या महोत्सवी वर्षात आपल्या तरुणांनी निदान आपापल्या गावाचे हे काम हाती घ्यावे, एवढीच आमची विनंती.