शाळेचे अंगण आणि मराठीचे वाक्य

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



मी तुम्हांला सकाळी आठ वाजता सत्तरीतल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या अंगणात नेणार आहे. मी तिथे शिकवत होतो. चार इयत्ता, १४ मुले आणि मी. प्रार्थनेआधीचा अर्धा तास अंगणाचा. पाला गोळा करायचा, वाफे पाहायचे, तण काढायचे, रात्री पाऊस किती लागला ते बोलायचे. जूनमध्ये शाळा उघडायची तेव्हाच मृगाचा पाऊस यायचा, म्हणून वर्षाचा आरंभ आम्ही पेरणीनेच करत असू. तांबडी भाजी, भेंडी, काकडी, मिरची. तांबड्या भाजीचे बी इतके बारीक की ते राखेत किंवा वाळूत मिसळून फेकावे लागते, नाहीतर एकाच जागी दाट उगवते. हे मला मुलांनी शिकवले.

पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिसरी-चौथीच्या मुलांना ‘आमची बाग’ हा निबंध दिला. सात वह्या आल्या आणि सातही वह्यांत एकच बाग होती. गुलाब, मोगरा, रंगीबेरंगी फुलपाखरे. झाडे आपले मित्र आहेत. आमच्या अंगणात गुलाब नव्हता, मोगराही नव्हता. रोज सकाळी ज्या वाफ्यात मुलांचे हात मातीत असत, तो वाफा एकाही वहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका मुलाला वाफ्यापाशी नेऊन विचारले, “मिरचीला काय झाले रे?” तो कोकणीत बोलू लागला. पाणी तुंबले, मुळे काळी पडली, रोपे खालून कुजली. पलीकडचा वाफा उंच होता म्हणून तिथली वाचली. आजी घरी परसात चर काढते, तसा इथे काढायला हवा होता. कारण, तुलना, उपाय, सगळे त्याच्यापाशी होते. निबंधात त्यातले काही उतरले नव्हते. दोष त्याचा नव्हता. मी काम अंगणात ठेवले होते आणि मराठी वर्गात.

त्यानंतर आम्ही एक साधा नियम केला. अंगणातून आत आले की प्रत्येकाने एक वाक्य लिहायचे, तेही आजच्या सकाळचे. काल लिहिता आले असते असे वाक्य चालायचे नाही. पहिली-दुसरीची मुले वाक्य सांगत, मोठी मुले ते लिहून घेत. काकडीला कोणी ‘तवशें’ म्हटले, कारल्याला ‘कारातें’ म्हटले, तर खोडायचे नाही. दोन्ही शब्द शेजारी लिहायचे. घरचा शब्द शाळेच्या दारात काढून ठेवायला लावला, की मूल त्याच्यासोबत आपले ज्ञानही बाहेरच ठेवते.

या वाक्यांनी माझेही मराठी सुधारले. रोप ‘मेले’ एवढ्यावर मुले थांबेनात. ते सुकले, कोमेजले, करपले की कुजले? सुकले तर पाणी कमी. दुपारी नुसते कोमेजले तर संध्याकाळी सावरते. कुजले तर पाणी जास्त. नेमके क्रियापद सापडले की इलाज सापडतो. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून हा फरक कळत नाही.

यात माझे नवे काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरली. आज अंगणवाडी म्हटले की खाऊ आणि वजनकाटा आठवतो. शब्दातले अंगण आपण विसरलो.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. सकाळचे काम शिक्षण राहते की राबवणूक होते, हे केरसुणी कोणाच्या हाती आहे यावरून ठरते. रोज मुलींनीच झाडायचे, मुलग्यांनी खोरे धरायचे, किंवा ठरावीक घरच्या मुलालाच घाण उचलायला सांगायचे, असे होत असेल तर ती बाग उपटून टाकलेली बरी. आमच्याकडे कामे आठवड्याला बदलत, आणि सोमवारी केरसुणी गुरुजींच्या हाती असे.

पट कमी होत गेला की लहान शाळा बंद होते, हे आपण सारे पाहत आहोत. पटसंख्या माझ्या हाती नव्हती. पण शाळा उघडी असूनही तिच्यातली भाषा बंद पडू शकते, हे त्या सात वह्यांनी मला दाखवले. केवळ प्रश्नांची उत्तरे लिहिण्यापुरती उरलेली मराठी मुले परीक्षेनंतर परत करतात. जिच्यात त्यांनी स्वतः पाहिलेले सांगितले, ती त्यांची होते.

त्या मुलाने चौथीत लिहिलेले एक वाक्य सांगून थांबतो: “आज सहा भेंड्या निघाल्या, एक जून झाली होती, ती बियाण्याला ठेवली.” मी त्यात काहीही दुरुस्त केले नाही.