थंड मुलखातली तुळस

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात एकादशीच्या दुपारी झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)





आज सकाळपासून इथं फार मोठमोठ्या विषयांवर बोलणं झालं. माझा विषय छोटा आहे, एका कुंडीत मावेल एवढा. रोपवाटिकेत हात मातीत घालून माझी हयात गेली. नंतर लेकीकडे कॅनडात काही हिवाळे काढले. त्यामुळं दिंडीतल्या बायका मला नेहमी एक गोष्ट विचारतात. कुणाचा मुलगा लंडनला असतो, कुणाची सून शिकागोला, कुणाची नात जर्मनीत. सगळ्यांची तक्रार सारखीच असते. "तिकडं तुळस जगत नाही हो. उन्हाळ्यात छान फोफावते आणि हिवाळ्यात डोळ्यांदेखत जाते." आणि मग आवाज बारीक करून पुढचा प्रश्न येतो, "काही दोष तर नाही ना?"

या दुसऱ्या प्रश्नासाठीच मी आज उभी राहिले आहे. लांब देशात एकटी राहणारी पोर, दारात ओळखीचं माणूस नाही, आणि घरातली तुळस वाळली की तिच्या पोटात गोळा येतो. इकडून फोनवर आपण म्हणतो, "अगं, तुळस वाळणं बरं नव्हे." माऊली, असं बोलून आपण त्या पोरीच्या मनावर केवढं ओझं ठेवतो! तुळस रुसत नाही. ती उपाशी राहते. कशाची उपाशी, ते आधी समजून घेऊ.

तुळस ही उष्ण मुलखाची बाई. वीस ते तीस अंशांत ती सुखात असते. पारा दहाच्या खाली गेला की तिचं काम थांबतं, पानं काळपट पडून गळायला लागतात. हिमकण पडले तर एका रात्रीत खेळ संपतो. आपल्या निफाडकडं थंडीच्या लाटेत पारा पाच-सहावर येतो, तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात ना? त्या दिवसांत तिथल्या अंगणातली तुळस कशी केविलवाणी होते, ते नाशिककडच्या मंडळींनी पाहिलेलं आहे. टोरंटोला तर पारा शून्याच्या खाली जाऊन आठवडे आठवडे तिथंच बसतो. तिथं हिवाळ्यात तुळस बाहेर ठेवायचा प्रश्नच नाही, ती घरातच हवी.

पण घरात तर हीटर असतो. वीस-बावीस अंश ऊब असते. म्हणजे थंडी नाही. तरी ती का मरते? इथंच सगळं आहे. नीट ऐका. घरात आणलेली तुळस थंडीनं कमी मरते, अंधारानं आणि पाण्यानं जास्त मरते.

आधी अंधाराचं बघू. पंढरपुरात वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. टोरंटोत तो नऊ तासांच्या आसपास, लंडनला आठ तासांहून कमी. त्यात सूर्य वर चढतच नाही. डिसेंबरात भर दुपारी आपल्याकडं तो क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो, टोरंटोत २३ अंशांवर. आणि बरेच दिवस ढगच. आपल्याला खोलीत दिवा लावला की उजेड वाटतो, कारण आपला डोळा सवय करून घेतो. झाडाला तशी सोय नाही. उजेड हेच त्याचं अन्न. घराच्या कोपऱ्यात देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली तुळस म्हणजे महिनोन्महिने निर्जळीच्या उलट व्रत: पाणी भरपूर, अन्न नाही.

म्हणून पहिली गोष्ट: तुळस खिडकीत ठेवायची, आणि ती खिडकी दक्षिणेची. इथं कुणीतरी म्हणेल, दक्षिण दिशा कशी चालेल? माऊली, त्या मुलखात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडूनच फिरतो. पूर्वेच्या खिडकीत सकाळी थोडकं ऊन येईल, उत्तरेला अजिबात नाही. जिथं ऊन तिथं तुळस, हीच तिची दिशा. दक्षिणेची खिडकी नसेल किंवा ढगाळ मुलूख असेल तर झाडांसाठीचा पांढरा एलईडी दिवा मिळतो, तो लावायचा. शेंड्यापासून वीत-दीड वीत उंचीवर, रोज बारा ते चौदा तास. बटणाला टायमर जोडला की विसरायची भीती नाही. मात्र रात्रभर दिवा ठेवू नका, तिलाही रात्र लागते. कुणी विचारतं, विजेच्या दिव्याखाली तुळस ठेवणं बरं दिसतं का? अहो, आपण सांजवात लावतोच की तिच्यापुढं. एक दिवा तिच्या पूजेचा, एक तिच्या पोटाचा.

तुळस उंच, काटकुळी व्हायला लागली, दोन पानांमधलं अंतर वाढलं, सगळी खिडकीच्या बाजूला झुकली, की समजायचं उजेड कमी पडतोय. कुंडी आठवड्यातून एकदा थोडी फिरवायची, म्हणजे झाड सरळ राहतं.

आता पाण्याचं. ही गोष्ट नाजूक आहे, कारण ती आपल्या नेमाशी बांधलेली आहे. आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला घालायचं, हे आपल्या हाताला लहानपणापासून ठाऊक. अंगणातल्या वृंदावनात ते चालतं. खाली जमीन आहे, वर ऊन आहे, वारा आहे, मुळं खोल गेलेली आहेत. दुपारपर्यंत पाणी जिरून, उडून जातं. पण परदेशातल्या घरातली कुंडी आठ इंची, ऊन नाही, वाढ थांबलेली. तिथं रोज तांब्याभर पाणी म्हणजे मुळांना कोंडून ठेवणं. मातीतली हवा जाते, मुळं कुजतात. गंमत अशी की मुळं कुजलेली तुळस दिसते तहानलेली! पानं मलूल होतात, खाली मान टाकतात. ते बघून घरची बाई आणखी पाणी घालते, आणि झाड जातं. यात तिचा भाव कमी नव्हता. तिच्या नेमाला त्या मुलखाची माहिती नव्हती, एवढंच.

मग नेम सोडायचा का? मुळीच नाही. नेमाचं माप बदलायचं. रोज स्नान झालं की पळीभर पाणी, तेही कोमट, कडेनं मातीवर अर्पण करायचं, हात जोडायचे. माती ओलीच असेल तर तेवढंही मातीत नको, तुळशीपुढं वाटीत अर्पण करा. खरं पाणी केव्हा द्यायचं? बोटाचं एक पेर मातीत घालून बघायचं. कोरडं लागलं तरच द्यायचं, आणि तेव्हा मात्र कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं. खालच्या ताटलीत साठलेलं पाणी ओतून टाकायचं. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. घर फार कोरडं असेल तर थोडं जास्त. कुंडी उचलून बघायची सवय लावा, हलकी-जड यावरून हाताला कळतं. नळाचं बर्फगार पाणी थेट घालू नका.

हौसेनं लोक पितळेचं, संगमरवरी वृंदावन नेतात. दिसतं सुंदर, पण बहुतेकांना खाली भोक नसतं. त्यात थेट माती भरू नये. तुळस भोकाच्या साध्या कुंडीत लावायची आणि ती कुंडी वृंदावनात ठेवायची. पाणी द्यायच्या वेळी बाहेर काढायची, निथळली की परत आत. मातीची कुंडी असेल तर उत्तमच, तिच्या अंगातून ओल उडते. बागेतली चिकट माती नको. कुंडीसाठीची हलकी माती, थोडं कंपोस्ट, थोडी जाड वाळू किंवा पर्लाईट, एवढं पुरे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत देऊ नका. जो जेवत नाही त्याला पंगतीत आग्रह कशाला?

जागेबद्दल दोन बोल. काचेला पान टेकलं की थंडीनं तेवढं पान काळं पडतं, म्हणून काचेपासून थोडं अंतर ठेवा. रात्री पडदा ओढाल तर तुळस पडद्याच्या आत, घराच्या बाजूला असू द्या. आणि हीटरचा झोत तिच्यावर येऊ देऊ नका. त्या कोरड्या हवेत लाल कोळी नावाची बारीक कीड लागते. पानावर पिवळसर ठिपके पडतात, मागच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. मावा आणि पांढरी माशीही येते. उपाय काय, तर तुळशीला न्हाणीघरात न्यायचं, कुंडीच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि कोमट पाण्यानं पानं खालून-वरून धुवायची. चार-पाच दिवसांनी पुन्हा. नाहीच गेली तर रोपांसाठी मिळणारा साबण पाण्यात कालवून फवारायचा, पण मग ती पानं काही दिवस नैवेद्यावर ठेवू नका, आणि नंतरही धुऊनच घ्या.

आता वेळापत्रक. पंचांगापेक्षा इथं पारा बघायचा. गणपती गावाला गेले की त्या मुलखात लक्ष ठेवायला लागायचं. रात्रीचा पारा बारा-तेरावर आला की तुळस घरात घ्यायची, हीटर सुरू व्हायच्या आत. आधी पानं उलटीपालटी करून कीड बघा, मग शेंडे खुडा. मंजिऱ्या आल्या असतील तर त्याही खुडा. बायका इथं कचरतात. पण मंजिरीत बी धरलं की तुळस आपलं काम झालं असं समजते आणि म्हातारी व्हायला लागते. वेळेवर मंजिरी खुडली तर तिचं आयुष्य वाढतं. आणि मंजिरी खुडून टाकायची थोडीच आहे? ती विठोबाच्या गळ्यात जायची आहे. द्वादशीला, रविवारी, तिन्हीसांजेनंतर खुडत नाहीत, तो नेम ज्यांच्या घरी आहे त्यांनी पाळावा. बाकी दिवस पुष्कळ आहेत. कार्तिकात तुळशीचं लग्न लागतं तेव्हा तिकडची तुळस खिडकीत बसलेली असते. तिथंच दोन उसाचे तुकडे उभे करा, लग्न लागतं.

खुडलेल्या शेंड्यांतले दोन-तीन चांगले बघून, खालची पानं काढून, पेल्यातल्या पाण्यात उजेडात ठेवा. पाणी अधूनमधून बदला. ऊब असेल तर एक-दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. ही तुमची राखीव तुळस. आणि एका फांदीवरच्या मंजिऱ्या मात्र वाळू द्या, त्यांचं बी कागदाच्या पुडीत घालून कोरड्या जागी ठेवा. थंडी सरत आली की ते बी ओलसर मातीवर नुसतं भुरभुरायचं, खोल पुरायचं नाही. त्याला उगवायला उजेड लागतो.

इथून जाताना मातीसकट रोप सामानात घालू नका. विमानतळावर काढून घेतात आणि दंडही होतो. बियांचेही नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात. तिकडच्या भारतीय दुकानांत, रोपवाटिकांत तुळस मिळते. घेताना वास घ्या. पिझ्झ्यावर घालतात ते बेसिल आपल्या सब्जाच्या घराण्यातलं, ती तुळस नव्हे.

मे सरता सरता रात्री उबदार झाल्या की तुळस बाहेर काढायची, पण एकदम नाही. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग पूर्ण उन्हात. नाहीतर खिडकीत कोवळी झालेली पानं भाजून निघतात. डोईवर वृंदावन घेऊन वारी चालणाऱ्या आपल्या बायकांना हे सांगायला नको. मुक्कामाला पोचल्यावर आधी तुळस सावलीत उतरवायची आणि मग स्वतः बसायचं, हे त्या करतातच.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी उभी राहिले ते. इतकं सगळं करूनही एखाद्या हिवाळ्यात तुळस जाईल. तसंही तिचं आयुष्य मुळात दोन-चार वर्षांचं. खोड लाकडासारखं होतं, पानं बारीक होतात, आणि ती निघते. तेव्हा फोनवर त्या पोरीला काय सांगाल?

तिला म्हणावं, तुझ्या आजीच्या गळ्यात बघ. आपल्या प्रत्येकाच्या गळ्यात काय आहे? तुळशीची माळ. ती कशाची असते? वाळलेल्या तुळशीच्या काष्ठाची. हिरव्या तुळशीचे मणी होत नाहीत. वाळलेली तुळस आपण अंगावर घेऊन पंढरीला जातो, तिच्याशिवाय वारकरी म्हणवून घेत नाही. मग वाळलेली तुळस अशुभ कशी? अशुभ असती तर संतांनी गळ्यात घातली असती का?

वाळली तर नमस्कार करून काढावी, काष्ठ जपावं किंवा मातीत मिसळावं, आणि पुडीतलं बी काढावं. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहिला. मळ्यात काम करणाऱ्याला माहीत असतं की झाड जातं, बी राहतं. आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पहिल्या वारीतलं एकही माणूस आज नाही, दिंडी आहे. तुळशीचंही तसंच आहे.

तेव्हा माऊली, घरी गेल्यावर परदेशातल्या लेकरांना फोन करा. "तुळस कशी आहे" एवढंच विचारू नका. "खिडकी कुठली आहे, आणि पाणी किती घालतेस" हे विचारा. तेही हरिकथेइतकंच प्रेमाचं बोलणं आहे.

बोला, पंढरीनाथ महाराज की जय! रामकृष्ण हरी.