लाज आणि कृपा

अपराधाची टोचणी आणि लाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोचणी कृत्याबद्दल असते; लाज माणसालाच वाईट ठरवते. कृत्याची भरपाई करता येते, शिक्षा भोगून ते मागे टाकता येते. लाजेला असा शेवट नसतो. ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’ हे बोलणे तिचे स्वरूप नेमके सांगते. लाज लोकांच्या नजरेत जन्मते आणि माणसाला त्या नजरेपासून लपायला लावते.

ख्रिस्ती श्रद्धेत कृपा म्हणजे लायकी न पाहता देवाने केलेला स्वीकार. लाजेवर ती कशी काम करते, हे योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत दिसते. ही स्त्री भर दुपारी एकटीच विहिरीवर येते. गावाच्या नजरा टाळण्यासाठी, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. तिला पाच पती झालेले असतात आणि आता ज्याच्याबरोबर ती राहते, तो तिचा पती नसतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तरीही येशू तिच्याकडे पाणी मागतो. तो तिचे आयुष्य तिच्यासमोर मांडतो, पण तिला हिणवत नाही. ती घागर तिथेच ठेवून गावात जाते आणि आपले सगळे जाणणारा कोणी भेटला, हे स्वतःच सांगत सुटते. जे झाकायचे होते, तेच आता तिला बोलता येते. सगळे ठाऊक असूनही न झिडकारणारी नजर भेटली, की लपण्याचे कारण उरत नाही.

याच कथेने समाजसुधारक पंडिता रमाबाईंच्या आयुष्याला वळण दिले. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले आश्रयगृह पाहिले. या स्त्रियांविषयी इतकी माया का, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. मात्र धर्म मिळाला तरी ख्रिस्त गवसायला आणखी आठ वर्षे लागली, असे त्यांनी पुढे आत्मकथनात नोंदवले.

कृपा चुकीला बरोबर म्हणत नाही. हातून पाप घडले असेल तर पश्चात्ताप हवाच. पण पुष्कळदा लाज दुसऱ्याने लादलेली असते. नवरा वारला म्हणून बालविधवेला अपशकुनी ठरवले जाई. फसवल्या गेलेल्या मुलीला घराचे दार बंद होई. तिथे पश्चात्तापाचा प्रश्नच नसतो. तिथे कृपेचे काम खोटा डाग खोटाच आहे, हे सांगण्याचे असते.

पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी हे काम उभे केले. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया तिथे आल्या. ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळे घर होते. त्याचे नाव कृपासदन. मुक्तिसदनात शिक्षण होते, शेती होती, विणकाम होते आणि छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेल्या बायबलचे खिळे तिथल्या स्त्रियांनीच जुळवले. शोमरोनी स्त्रीची कथाही त्याच हातांनी छापली गेली.