घरातील लहान शीतकपाट : देखभाल व दोषशोध

(भाषणाचा मजकूर)



गोदरेज कंपनीने १९५८ साली भारतात शीतकपाटे बनविण्यास प्रारंभ केला. त्या काळी ही वस्तू शहरातील सधन घरांत, तीही पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशा जागी ठेवलेली असे. आज गोव्यातील खेड्यापाड्यांतही तिचे अप्रूप उरलेले नाही. विशेषतः पन्नास ते शंभर लिटरचे लहान शीतकपाट, ज्याला सारेजण फ्रीज म्हणूनच ओळखतात, ते वृद्ध दांपत्याच्या खोलीत दिसते, भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाच्या बिऱ्हाडात दिसते आणि कचेरीच्या कोपऱ्यातही दिसते. त्यात सोलकढी असते, उरलेली मासळी असते आणि पुष्कळ घरांत मधुमेही माणसाचे इन्सुलिनही असते. मासळी बिघडली तर नाक सांगते. इन्सुलिन बिघडले तर बहुधा कोणीच सांगत नाही. सुई नेहमीप्रमाणे टोचली जाते आणि रक्तातील साखर मात्र उतरत नाही.

म्हणून या विषयाचा आरंभ यंत्रापासून न करता तापमानापासून करणे योग्य होईल. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे असते. ते उष्णतेने हळूहळू निकामी होते. परंतु एकदा गोठले की नंतर वितळून पूर्वीसारखे दिसू लागले तरी ते टाकूनच द्यावे लागते. लहान शीतकपाटात हा धोका अधिक. मोठ्या कपाटात बर्फाचा कप्पा स्वतंत्र असतो. लहानात तो वरच्या फळीच्या डोक्यावरच, बहुधा एका पातळ झडपेआड असतो. ‘औषध आहे, जास्तीत जास्त थंड जागी असू द्या’ या सद्हेतूने घरातील माणसे ते नेमके त्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवतात. त्याची योग्य जागा मधल्या फळीवर, पुढच्या बाजूस, झाकणाच्या डबीत.

आतील तापमान हाताला कळत नाही. बाहेर ३३ अंश असताना १२ अंशांची बाटलीही गारच लागते. म्हणून फ्रीजसाठी मिळणारा साधा तापमापक घरी असावा. तो पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवावा आणि सकाळी दार उघडताच वाचावा. पारा ३ ते ५ अंशांच्या दरम्यान असला म्हणजे ठीक. (तापाचा थर्मामीटर येथे उपयोगी नाही, तो इतक्या खालचे अंश दाखवीतच नाही.) थर्मोस्टॅटच्या चकतीवरील आकडे अंशांचे नसतात. सामान्यतः आकडा जितका मोठा तितकी थंडी अधिक. आकडा एका घराने बदलावा व दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचन घ्यावे. तासातासाला चकती फिरविणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

बाजारात ‘मिनी फ्रीज’ या नावाखाली कॉम्प्रेसर नसलेल्या पेट्याही विकल्या जातात. त्या आवाज करीत नाहीत हे खरे. पण खोलीच्या तापमानापेक्षा सुमारे पंधरा-वीस अंशच खाली उतरतात. मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत त्यांचा हिशेब इन्सुलिनच्या मर्यादेत बसत नाही. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

शीतकपाट थंडी उत्पन्न करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. ती टाकावयास जागा नसेल तर कॉम्प्रेसर अखंड चालत राहतो, विजेचे बिल वाढते आणि तरीही आत थंडावा येत नाही. मागे व दोन्ही बाजूंस किमान वीतभर मोकळी जागा असावी. चूल, गॅसची शेगडी व पश्चिमेचे ऊन यांपासून ते दूर असावे. अनेक लहान कपाटांत उष्णता टाकणारी नळी मागे दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याआड बसविलेली असते. तो पत्रा गरम लागतो, हा दोष नव्हे. मात्र त्यावर खिळा वा स्क्रू मारण्याचा मोह टाळावा. ज्यांची जाळी मागे आहे त्यांनी प्लग काढून दोन-तीन महिन्यांनी ती मऊ ब्रशने झाडावी. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा गंजतो. तेथे कपाट स्टँडवर ठेवून फरशी कोरडी राखणे हिताचे.

दाराचे रबर हा या यंत्राचा सर्वांत उपेक्षित भाग. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे व पट्टी ओढावी. ती अडखळत निघाली तर रबर चांगले, अलगद निसटली तर तेथून दमट हवा आत शिरत आहे. पावसाळ्यात हीच हवा बर्फाचे थर चढविते. पुष्कळदा रबर फाटलेले नसते, केवळ चिकट व मळलेले असते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून कोरडे केले की ते पुन्हा घट्ट बसते.

बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरवर गेला की तो काढावा. प्लग काढून दार उघडे ठेवावे, कप्प्यात गरम पाण्याचे भांडे ठेवावे आणि वाट पाहावी. सुरी, उलथने, स्क्रूड्रायव्हर यांस हात लावू नये. कप्प्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीतूनच वायूची नळी फिरविलेली असते. एका घावात ती फुटते, आणि घाईने वाचविलेला अर्धा तास हजारो रुपयांना पडतो.

वितळलेले पाणी काही कपाटांत बर्फकप्प्याखालच्या तबकात साठते, काहींत मागच्या छिद्रातून कॉम्प्रेसरवरील ताटलीत उतरते. आत तळाशी पाणी साचू लागले तर बहुधा ते छिद्र तुंबलेले असते. मऊ प्लॅस्टिकच्या नळीने ते मोकळे करता येते. मागची ताटली मात्र कोणी पाहत नाही. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडू लागतात. अंगणातील करवंट्या नि टायर उपडे करणाऱ्या घरातच ही ताटली भरलेली सापडावी, हे नेहमीचेच. ती काढता येत असेल तर दर आठवड्यास रिती करून घासावी. निघत नसेल तर फडक्याने टिपून कोरडी करावी.

आता बिघाडाविषयी. कपाट अजिबात चालत नसेल तर प्रथम त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून वीज आहे की नाही ते पाहावे. चकती बंदच्या खुणेवर तर नाही, हेही पाहावे. मेकॅनिक येऊन चकती फिरवितो व भाडे घेऊन जातो, असे प्रसंग कमी नाहीत. वीज आहे, परंतु काही सेकंद घरघर, मग ‘टक्’ आणि पुन्हा शांतता, असे वारंवार होत असेल तर विजेचा दाब कमी आहे किंवा कॉम्प्रेसरचा रिले बिघडला आहे. अशा वेळी तत्काळ बंद करावे. तसेच चालू ठेवल्यास कॉम्प्रेसर जळतो. दाब वारंवार खालीवर होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर लावावा. एकदा बंद केलेले शीतकपाट पाच मिनिटे थांबूनच सुरू करावे. नळ्यांतील दाब समान होण्यास तेवढा अवधी लागतो.

दाराला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर दोषशोध तेथेच थांबवावा. ओल्या पायांनी पुन्हा स्पर्श करून खात्री करून घेऊ नये. मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसविण्याची युक्ती ज्याने काढली, त्याने अनेकांचे प्राण धोक्यात घातले आहेत.

यंत्र अखंड चालते, रबर उत्तम आहे, बर्फही फारसा नाही, तरीही थंडावा नाही. अथवा बर्फ कप्प्याच्या एकाच कोपऱ्यात धरतो. अशा वेळी वायू गळाल्याची शंका घ्यावी. येथे ‘गॅस संपला, भरून देतो’ असे सांगितले जाते. वायू हा दिव्यातील तेलाप्रमाणे खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत असतो. कमी झाला असेल तर कोठेतरी छिद्र आहे, आणि ते शोधून बंद केल्याविना भरलेला वायूही जाणार. ग्राहकाने हा एक प्रश्न अवश्य विचारावा : छिद्र कोठे सापडले?

वायू कोणता, हे मागच्या पट्टीवर छापलेले असते. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ साली मॉन्ट्रिअल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि जुना आर-१२ वायू मागे पडला. आता अनेक कपाटांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला अपाय करीत नाही, परंतु ज्वालाग्राही आहे. अशा कपाटाची नळी स्वयंपाकघरात, पेटत्या शेगडीशेजारी डागणाऱ्यास घरात घेऊ नये.

वीज गेल्यास दार उघडू नये. बंद दारात मोठे शीतकपाट सुमारे चार तास थंडावा धरते, लहान त्याहून कमी. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आत असल्यास थोडा अधिक वेळ मिळतो. दूध, मासळी व शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उबदार राहिले असेल तर ते पुन्हा थंड करून मुलांना देऊ नये.

जुने कपाट अंगणात वा गोठ्यात टाकावयाचे असल्यास आधी त्याचे दार बिजागरीपासून काढून वेगळे करावे. पूर्वीच्या कपाटांना खिट्टी असे आणि लपंडावात आत शिरलेली मुले आतून दार उघडू न शकल्याने गुदमरत. अमेरिकेने अशा मृत्यूंमुळे १९५६ साली आतून उघडणाऱ्या दारांची सक्ती करणारा कायदा केला. आजचे चुंबकी रबर आतून ढकलता येते. परंतु आडव्या पाडलेल्या कपाटाचे, वर ओझे ठेवलेले दार चार वर्षांच्या मुलाला ढकलता येत नाही.