शिडाचं जहाज आणि मी

नागऱ्यातून बोलतोय. इथून समुद्र बघायचा तर गोंदियाला विदर्भ एक्सप्रेस पकडा, रात्रभर झोपा, मग मुंबई.

आजचा विषय शिडाच्या जहाजावरची क्रूझ. 'रॉयल क्लिपर' बघा : 2000 सालचं, पाच डोलकाठ्या, 42 शिडं. डेकवर पोहायचे तलाव, आत पियानो बार. वारा पडला की इंजिन.

आणि दिलीप दोंदे यांची 'म्हादेई'? गोव्यात बांधलेली, 56 फुटी. 2009-10 मध्ये तिच्यावरून त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. कॅप्टन, स्वयंपाकी, मेकॅनिक, सगळं तेच!

क्रूझसाठी मी पैसे साठवतोय. पण आता वाटतं, पाहुणा होण्याआधी सुकाणू धरायला शिकावं. आई म्हणते, आधी पोहायला शीक.

हो, मला पोहता येत नाही. सोमवारपासून क्लास आहे.